बॅटरीसाठी परत बोलावलेली जुनी इलेक्ट्रिक गाडी : गोव्यात खरेदी करण्यापूर्वी काय पाहावे

एखादे इलेक्ट्रिक गाडीचे मॉडेल बॅटरीतील दोषामुळे कंपनीने परत बोलावले होते, एवढे कानावर आले की जुनी गाडी घेऊ पाहणारी माणसे दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्या गाडीकडे वळूनही पाहत नाहीत, तर काही जण ‘रिकॉलचे काम झाले आहे’ हे विक्रेत्याचे शब्द ऐकून निर्धास्त होतात. मी फोंड्यात राहतो, आणि गेली काही वर्षे नातेवाईक व शेजारी यांच्यासोबत अशा गाड्या पाहायला जात असल्यामुळे या दोन्ही चुका मला जवळून दिसल्या आहेत. परत बोलावलेली गाडी वाईटच असते असे नाही. तिची बॅटरी नवी बसवलेली असेल, तर ती त्याच वर्षाच्या दुसऱ्या एखाद्या गाडीपेक्षा सरस ठरू शकते. मात्र आपण पाहत असलेल्या त्या एका गाडीवर नेमके कोणते काम झाले, हे कागदावर आणि चासी क्रमांकासह कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

‘रिकॉल पूर्ण’ या शब्दांचे किती अर्थ होतात

या विषयाचा सर्वांत बोधप्रद इतिहास शेव्हर्ले बोल्ट या गाडीचा आहे. ही गाडी भारतात विकली गेली नाही, तरी तिच्या बाबतीत जे घडले ते प्रत्येक ग्राहकाने समजून घ्यावे असे मला वाटते. जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या काही वर्षांच्या गाड्या परत बोलावल्या आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत ती व्याप्ती वाढवून तोवर तयार झालेल्या जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार गाड्यांपर्यंत नेली. एलजीने बनवलेल्या सेलमध्ये, म्हणजे बॅटरी ज्या लहान घटकांची बनते त्यांत, दोन दोष आढळले होते : ऋण पट्टीचे टोक फाटलेले असणे आणि दोन पट्ट्यांना वेगळे ठेवणारा पातळ पडदा दुमडलेला असणे. हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना बॅटरी ९० टक्क्यांच्या वर चार्ज न करण्यास, ती फार उतरू न देण्यास, गाडी घराबाहेर उघड्यावर उभी करण्यास आणि रात्रभर घरात चार्जिंगला न लावण्यास सांगण्यात आले.

यापुढचा भाग खरेदीदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. २०१७ ते २०१९ च्या गाड्यांना नव्या सेलची बॅटरी मिळाली; तिची क्षमता मूळ बॅटरीपेक्षा जास्त होती आणि तिच्यासोबत ८ वर्षांची हमीही नव्याने सुरू झाली. त्यानंतरच्या अनेक गाड्यांना २०२३ मध्ये नवी बॅटरी न देता निदान करणारे सॉफ्टवेअर देण्यात आले. ते सुमारे १०,००० किलोमीटर होईपर्यंत चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखते, बॅटरीवर लक्ष ठेवते आणि दोष न आढळल्यास पूर्ण क्षमता मोकळी करते. दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे मालक ‘आमच्या गाडीचे रिकॉल झाले’ असेच सांगतील आणि दोघेही खरे बोलत असतील, परंतु एकाच्या गाडीत नवी बॅटरी आहे आणि दुसऱ्याच्या गाडीत जुनीच बॅटरी पहाऱ्याखाली आहे.

हुंडाई कोना मात्र आपल्याकडे विकली गेली आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ती आजही दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ८२ हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय जाहीर केला, ज्यांत बहुतांश गाड्या कोना होत्या. चीनमधील नानजिंगच्या कारखान्यात बनलेल्या काही सेलमध्ये ऋण पट्टीचे टोक दुमडल्याचे कोरियन तपासात आढळले होते. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, भारतात १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात तयार झालेल्या ४५६ कोना गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या होत्या. येथे ‘तपासणी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. तपासणी झाली, सॉफ्टवेअर बदलले, एखादे मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, बदलले आणि संपूर्ण बॅटरी बदलली, ही चार वेगवेगळी कामे आहेत. त्यामुळे कोना पाहायला जाणाऱ्याने यांपैकी कोणते काम त्या गाडीवर झाले, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

सॉफ्टवेअरचा उपाय प्रत्येक वेळी पुरतोच असेही नाही. अमेरिकेत २०१९ च्या जग्वार आय-पेस गाड्यांना आधी सॉफ्टवेअर दिले गेले, पण नंतरही धोका टळला नसल्याचे दिसल्यावर २०२४ मध्ये कंपनीने त्या वर्षाच्या सुमारे २,७६० गाड्या मालकांकडून परत विकत घेण्याचे ठरवले.

याच्या उलट, इलेक्ट्रिक गाडीचे प्रत्येक रिकॉल मोठ्या बॅटरीचेच असते हाही गैरसमज आहे. २०२४ मध्ये भारतात हुंडाई आयोनिक ५ च्या १,७४४ आणि किया ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्या चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या एका भागासाठी. त्यातील दोषामुळे १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरण्याचा संभव होता. तो दोषही गंभीर आहे, कारण गाडी वाटेत बंद पडू शकते, परंतु सेलच्या आत होणारे शॉर्ट सर्किट ही त्याहून निराळी गोष्ट आहे. रिकॉल हा शब्द ऐकून घाबरण्याआधी तो कशासाठी होता हे विचारावे.

नोंद कशी मिळवावी

गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आरसीची प्रत मागून घ्यावी. तिच्यावर चासी क्रमांक असतो, तसेच निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. रिकॉलची व्याप्ती निर्मितीच्या तारखेवरून ठरते, नोंदणीच्या तारखेवरून नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबरमध्ये तयार झालेली गाडी शोरूममध्ये थांबून पुढच्या मार्चमध्ये नोंदली गेली असेल, तर मालक तिला नव्या वर्षाची गाडी म्हणतो आणि आपणही यादीतील चुकीची ओळ वाचून समाधान मानतो. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची यादी कंपनी, मॉडेल आणि निर्मितीचा काळ यांसह पाहता येते, आणि काही कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून थेट विचारता येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले असून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. रिकॉलचे काम ग्राहकाकडून पैसे न घेता करून द्यायचे असते आणि गाडीचा मालक बदलला म्हणून ते नाकारता येत नाही.

यादीत मॉडेल सापडले तरी काम अर्धेच झालेले असते. पुढचा अर्धा भाग त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात, शक्यतो विक्रेत्याला सोबत घेऊन किंवा त्याची लेखी संमती घेऊन पूर्ण करावा लागतो.

साखळीला राहणारे माझे मेहुणे चवथीच्या आधी गाडी घरी यावी या घाईत होते. शेजारच्या राज्यातील एका व्यापाऱ्याने आणलेली एक गाडी त्यांना पसंत पडली. कागदपत्रांच्या फाइलमध्ये सेवा केंद्राची एक पावती होती आणि तिच्यावर रिकॉल मोहीम पूर्ण झाल्याचा एका ओळीचा शेरा होता. मेहुणे म्हणाले, “भावोजी, आता आणखी काय बघायचे राहिले?” आम्ही चासी क्रमांक घेऊन सेवा केंद्रात गेलो. तेथील सल्लागार बाईंनी तो संगणकात टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्या एकाच क्रमांकाखाली दोन मोहिमा होत्या. पहिली सॉफ्टवेअर बदलण्याची होती आणि ती पूर्ण झालेली होती. आमच्या हातातील पावती तिचीच होती. दुसरी बॅटरीची मॉड्यूल तपासून गरजेप्रमाणे बदलण्याची होती आणि तिच्यापुढे ‘प्रलंबित’ असे लिहिलेले होते. व्यापाऱ्याला हे ठाऊक होते की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु पावतीवरची ओळ खोटी नव्हती आणि तरीही तिच्यावर विसंबून पैसे दिले असते तर आमची फसगत झाली असती.

त्या दिवसापासून मी सेवा केंद्रात ठरलेले प्रश्न विचारतो. या चासी क्रमांकावर आजवर किती मोहिमा लागल्या आणि प्रत्येकीची स्थिती काय आहे? बॅटरी किंवा मॉड्यूल बदलले असल्यास जुना आणि नवा अनुक्रमांक कोणता आणि जॉब कार्डची तारीख कोणती? बदललेल्या बॅटरीची हमी नव्याने सुरू झाली, की मूळ हमीतील उरलेला काळच तिला लागू आहे? चार्जिंगवर एखादी मर्यादा सध्या घातलेली आहे का? उत्तरे तोंडी न घेता छापील सेवा इतिहासाच्या रूपात, केंद्राच्या शिक्क्यासह घ्यावीत. एखादे केंद्र तिऱ्हाइताला माहिती देण्यास नकार देते, आणि त्यात त्यांचे चूक नाही. अशा वेळी मालकाने स्वतः मागावी. मालकच मागायला तयार नसेल, तर ती गाडी तेथेच सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

याच भेटीत बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल काढून घ्यावा. बहुतेक केंद्रे शुल्क घेऊन तो देतात आणि ते पैसे वसूल होतात. बॅटरीची मूळच्या तुलनेत उरलेली क्षमता त्यात टक्क्यांत दिलेली असते, तसेच सर्वांत चढ्या आणि सर्वांत उतरलेल्या सेलच्या व्होल्टेजमधील फरक दिलेला असतो. रिकॉल झालेल्या गाडीच्या बाबतीत मला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण एकच सेल इतरांपासून फारकत घेऊ लागला तर तो तेथे आधी दिसतो. येथे एक बारकावा आहे. एलएफपी प्रकारच्या बॅटरीत, म्हणजे लोह आणि फॉस्फेट असलेल्या बॅटरीत, मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास सपाट राहते, त्यामुळे ५० टक्क्यांवर काढलेल्या अहवालात बिघडलेला सेलही चांगलाच दिसू शकतो. अशा गाडीचा अहवाल पूर्ण चार्ज झाल्यावर काढून घ्यावा.

काम प्रलंबित असेल तर

मोहीम प्रलंबित आहे म्हणून व्यवहार मोडलाच पाहिजे असे नाही, परंतु क्रम बदलू नये : आधी काम, मग पूर्ण पैसे. सुट्या भागांसाठी काही आठवडे थांबावे लागते. आमच्या बाबतीत पाच आठवडे गेले आणि चवथ गाडीविना साजरी झाली. त्याचे वाईट वाटले, पण मेहुण्यांच्या घरी गाडी उभी राहण्याची जागा माजघराच्या भिंतीला लागून आहे, वर कौलारू छप्पर आणि लाकडी वासे आहेत, आणि पलीकडच्या खोपटीत सुकी लाकडे आणि नारळाची सोडणे रचलेली असतात. ती जागा डोळ्यांसमोर असताना घाई करणे मला मान्य नव्हते.

आपल्याकडच्या जुन्या घरांची ठेवण अशीच असते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. ज्यांच्याकडे अशी प्रलंबित गाडी आधीच आलेली असेल, त्यांनी कंपनीने सांगितलेली चार्जिंगची मर्यादा पाळावी, गाडी घरापासून, गोठ्यापासून आणि गवताच्या उडवीपासून दूर उघड्यावर उभी करावी आणि सगळे झोपलेले असताना ती चार्जिंगला लावू नये. खालून धूर, सी-सी असा आवाज किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर जवळ जाऊन पाहण्याचा मोह आवरावा, सर्वांना बाहेर काढावे आणि अग्निशामक दलाला १०१ वर कळवताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे आवर्जून सांगावे, कारण लिथियमच्या बॅटरीची आग शमवायला खूप पाणी लागते आणि ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते.

पुढच्या सर्व तपासण्या नोंद स्वच्छ असल्याचे कळल्यानंतरच कराव्यात. बॅटरी १०० टक्के भरून पाहणे ही उत्तम चाचणी आहे, पण जिच्यावर मर्यादा घातलेली आहे अशा गाडीवर ती करू नये.

मीटर, चढ, खारा वारा आणि लाल चिखल

बॅटरीत किती वीज मावते हे पाहण्याची घरगुती रीत सोपी आहे. गाडी सुमारे २० टक्क्यांवर आली की ती घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर लावावी, मध्ये एक छोटा सब-मीटर जोडावा आणि १०० टक्के होईपर्यंत किती युनिटे गेली ते लिहून ठेवावे. मेहुण्यांच्या गाडीची वापरता येणारी क्षमता कागदावर ४० युनिटे होती. २० ते १०० टक्क्यांसाठी बॅटरीत ३२ युनिटे जायला हवीत. चार्जरमध्ये आणि वायरमध्ये साधारण १३ टक्के वीज वाया जाते असे धरल्यास मीटरवर ३६ ते ३७ युनिटे दिसायला हवीत. आम्ही संध्याकाळी सहाला प्लग लावला आणि बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून दर तासाला आकडा टिपला. रात्री एकदा वीज गेली, ती परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झाले का हेही त्यामुळे पाहता आले. सकाळी सातच्या सुमारास गाडी भरली तेव्हा मीटरवर ३४ युनिटे होती. त्यातून नुकसान वजा केले की साडेएकोणतीसच्या जवळपास युनिटे बॅटरीत गेली, म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे ३७ युनिटे, मूळच्या ९२ टक्के. सेवा केंद्राचा अहवाल ९३ टक्के सांगत होता. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे इतकी जवळ आली की मन स्थिर होते. ही रीत प्रयोगशाळेइतकी अचूक नाही, पण तीत आणि अहवालात दहा टक्क्यांचे अंतर पडले तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

हे करण्यापूर्वी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांत ते नावापुरतेच असते, आणि मग गाडीसोबतचा चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. दोष घराचा असताना गाडीला नावे ठेवली जातात, किंवा उलट गाडीचा दोष घरावर ढकलला जातो. दुसऱ्या ठिकाणच्या प्लगवर लावून पाहिले की निवाडा होतो. जलद चार्जिंगही एकदा करून पाहावे. सार्वजनिक चार्जरवर गाडी विनातक्रार जोडली जाते का आणि वेग मॉडेलच्या माहितीपत्रकाच्या जवळपास जातो का, एवढे पाहिले तरी पुरे.

चालवून पाहण्यासाठी आम्हा फोंडेकरांना फर्मागुडीचा चढ सोयीचा पडतो. बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली असताना, एसी लावून आणि चार माणसे बसवून तो चढ चढावा. कमजोर सेल याच वेळी उघडा पडतो : टक्के अचानक चार-पाचने घसरतात, शक्ती कमी केल्याचे कासवाचे चिन्ह उमटते, किंवा चढ संपल्यावर टक्के पुन्हा वर येतात. नंतर फोंडा ते पणजी आणि परत, असा सुमारे ६० किलोमीटरचा फेरा मारावा. मध्यम आकाराच्या गाडीला त्यासाठी ८ ते ९ युनिटे पुरेशी असतात, म्हणजे ४० युनिटांच्या बॅटरीचे २० ते २२ टक्के. उतारावर पाय उचलल्यावर गाडी स्वतःला रोखून वीज परत भरते का तेही पाहावे, मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही क्रिया बंद किंवा मंद असते, तो दोष समजू नये.

आता गोव्याच्या हवेविषयी. कांदोळी, कोलवा किंवा वास्को येथे समुद्राजवळ वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या गाडीचे चार्जिंगचे तोंड टॉर्चच्या उजेडात पाहावे. पिनांवर हिरवट थर असेल तर तो खाऱ्या हवेचा, आणि काळा किंवा वितळल्यासारखा डाग असेल तर तो सैल जोडणीमुळे झालेल्या उष्णतेचा असतो; दुसरा प्रकार अधिक वाईट. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या खालच्या आवरणाचे चारही कोपरे पाहावेत. ठोकर बसून पडलेला पोचा, नव्याने मारलेला काळा रंग, गंजलेले किंवा नुकतेच बदललेले बोल्ट यांची कारणे विचारावीत. बॅटरी रिकॉलमध्ये बदलली असल्यास बोल्टवर पान्याच्या खुणा असणे स्वाभाविक आहे, नोंदीत बदल नसताना त्या दिसल्या तर मात्र कोणी तरी बॅटरी उतरवली होती हे नक्की. नारिंगी रंगाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, वायरींना स्वतः हात लावू नये.

पावसाळ्यात पाण्यात राहिलेली गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका आहे. बऱ्याच बॅटऱ्यांचे आवरण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असे चाचणी केलेले असते, पण ही चाचणी स्वच्छ पाण्यात आणि नव्या आवरणावर होते, रात्रभर चिखलात उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या गाडीवर नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि सीटखालच्या पट्ट्यांच्या खाचांत बोट फिरवावे. आपल्या मातीचा लाल रंग अशा ठिकाणांहून सहजासहजी जात नाही. गाडी कितीही धुतलेली असली तरी बोटाला तो लागतो.

कागद आणि पैसे

अनेक कंपन्यांची बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर असते. तिची गणना पहिल्या विक्रीपासून होते, त्यामुळे २०१९-२० च्या गाड्यांची हमी २०२७-२८ मध्ये संपते. अलीकडे ‘आजीवन हमी’ची जाहिरात होते, पण ती सहसा पहिल्या मालकापुरती असते आणि दुसऱ्या मालकाला मर्यादित काळाचीच हमी मिळते. हमी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे लागते का, आणि गाडी भाड्याने चालली असल्यास हमीच्या अटी वेगळ्या आहेत का, हे विचारून घ्यावे. दुसरा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे ही खासगी आणि पिवळी अक्षरे ही व्यावसायिक इलेक्ट्रिक गाडी, एवढे डोळ्यांना दिसते. परंतु पर्यटकांना भाड्याने दिलेली गाडी नंतर खासगी करून घेतलेली असू शकते आणि तो इतिहास आरसीच्या नोंदींतच सापडतो. रोज जलद चार्जिंग झालेल्या गाडीची बॅटरी अधिक थकलेली असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरपासून बॅटरी भाड्याने देण्याची योजना आपल्याकडे रुळू लागली आहे. अशी गाडी घेताना बॅटरीचा करार कोणाच्या नावे आहे आणि किती रक्कम बाकी आहे, हे वित्तसंस्थेकडून लेखी घ्यावे. गाडी स्वस्त मिळते आणि मागाहून बॅटरीचे हप्ते गळ्यात पडतात, असे होऊ नये.

निर्मितीची तारीखही दरात धरावी. २०२२ मध्ये दुचाकींना लागलेल्या आगींनंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. मोटारींसाठी असलेल्या एआयएस-०३८ या मानकाचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्यानंतरच्या गाडीसाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

नावांतराची रीत इतर गाड्यांसारखीच आहे. राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५, आणि गाडी महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील असल्यास तेथील आरटीओचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र. इलेक्ट्रिक गाड्यांवरील रस्ताकराची सवलत प्रत्येक राज्यात वेगळी असल्यामुळे बाहेरच्या गाडीवर येथे काय भरावे लागेल ते आपल्या तालुक्याच्या कार्यालयात आधी विचारावे. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो आपल्याला मिळत नाही. व्यापाऱ्याकडून घेत असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते पाहावे, कारण जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ते १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक आहे. व्यापाऱ्याने फसवल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही, म्हणून खासगी व्यवहारात लेखी करार अधिक काळजीने करावा.

त्या करारात आम्ही घातलेले कलम असे होते : “सदर वाहनाच्या चासी क्रमांकावर आजच्या तारखेस कोणतीही रिकॉल मोहीम प्रलंबित नाही, उच्च दाबाच्या बॅटरीवर झालेल्या सर्व कामांच्या नोंदी खरेदीदारास दिलेल्या आहेत आणि वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले नाही, असे विक्रेता जाहीर करतो. हे कथन खोटे आढळल्यास विक्रेता संपूर्ण रक्कम परत करून वाहन परत घेईल.” व्यापाऱ्याने पहिल्या वाक्याला लगेच होकार दिला आणि दुसऱ्यावर बराच वेळ विचार केला. शेवटी सही केली. रकमेतील काही भाग आम्ही आरसीवर मेहुण्यांचे नाव चढेपर्यंत राखून ठेवला होता.

गाडी ताब्यात आल्यावर त्याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. जुन्या मालकाचे खाते गाडीच्या मोबाइल ॲपमधून काढून टाकायला लावावे, नाहीतर गाडी कोठे आहे हे त्याला दिसत राहते आणि काही मॉडेलमध्ये तो ती दुरूनच उघडूही शकतो. दुसरे म्हणजे, कंपनीच्या नोंदीत मालकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. आरसीवर नाव चढले म्हणजे कंपनीलाही कळले असे होत नाही, आणि पुढचे रिकॉल निघाले तर पत्र कंपनीच्या नोंदीतील पत्त्यावर जाते. आम्ही सेवा केंद्रात गेलो तेव्हा त्या गाडीपुढे अजून पहिल्या मालकाचाच क्रमांक होता. दुसऱ्या मोहिमेचे संदेश त्याच क्रमांकावर जात राहिले होते, आणि त्या गृहस्थांनी गाडी विकून दीड वर्ष झाले होते. सल्लागार बाईंनी तो क्रमांक पुसून मेहुण्यांचा घातला आणि खात्रीसाठी एक संदेश पाठवला. तो मोबाइलवर आल्यावरच आम्ही तेथून निघालो.